गॅरेजातले नगराध्यक्ष

निवडणूक हरल्यावर ज्याच्या अंगात कामाचं वारं संचारलं, असा राजकारणी उभ्या जगात एकच असेल, आणि तो इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमच्यापासून तीन घरं सोडून राहत होता. माझ्या मित्राचे सासरे. फ्रान्समधल्या एका चिमुकल्या गावचे, पेशाने भूगोलाचे मास्तर आणि हाडाचे समाजवादी. तीनदा नगराध्यक्ष झाले, दोनदा खासदारकीला उभे राहून सपाटून आपटले, आणि शेवटी गावच्या चौकातलं पार्किंग काढून तिथे बाक टाकले म्हणून दुकानदारांनी त्यांना कायमचं घरी बसवलं. बायको गेल्यावर लेकीने इकडे आणलं. पण घरी बसणं हा प्रकार या गृहस्थांना ठाऊकच नव्हता. मित्र कळवळून म्हणायचा, "यार, मी लग्न एका मुलीशी केलं, घरात अख्खी नगरपालिका आली!"

हात मिळवायचं तर त्यांना वेडच. इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर आणायला गेले की रांगेतल्या सगळ्यांशी, मग काउंटरवरच्या मुलीशी, आणि निघताना पुन्हा सगळ्यांशी. कचऱ्याची गाडी आली की धावत बाहेर जाऊन ड्रायव्हरला विचारायचे, "तुमची युनियन आहे ना?" तो बिचारा हॉर्न वाजवून पळ काढायचा. आमच्या गणपतीत कुणीतरी आपलं सहज 'दोन शब्द बोला' म्हणालं, तर आरती पाऊण तास लांबली. कामगारांच्या सुट्टीपासून निघालेलं भाषण मोदकांच्या समान वाटपावर येऊन थांबलं, आणि टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

खरी मजा शनिवारी. तिकडे नगराध्यक्ष शनिवारी सकाळी गावकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला बसतो म्हणे. हे इथे गॅरेजचं दार वर करून, गाडी बाहेर काढून, फोल्डिंग टेबल मांडून, कोट-टाय घालून दहा ते बारा बसायचे. हिवाळाभर कुणी फिरकलं नाही. उन्हाळ्यात सगळ्यांचे आईवडील भारतातून आले आणि दरबार भरला. मुलं लॅपटॉपात, नातवंडं इंग्रजीत. ऐकून घेणारं माणूस हवंच होतं. भाषेची अडचण कुणाला वाटलीच नाही. एक काका मराठीत सुनेबद्दल सांगायचे, हे फ्रेंचमध्ये हळहळायचे आणि वहीत नोंद करायचे.

त्या वर्षी माझी आई नागपूरहून आली होती. गुडघे दुखायचे, म्हणून फिरताना कोपऱ्यावरच्या विजेच्या हिरव्या पेटीवर जरा टेकायची. एचओएचं, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं: पेटीवर बसू नये. आईने फिरणंच बंद केलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. "इतके मोठे बंगले, अन् म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा नाही रे," म्हणाली. मला फार लागलं ते. शनिवारी तिला गॅरेजात नेलं. मी इंग्रजीत सांगत गेलो, त्यांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि उभे राहिले. "मादाम, बाक होणार. माझा शब्द."

मग काय विचारता! हातात कागद घेऊन स्वारी दारोदार निघाली, दुभाषा म्हणून मी मागे. आठवडाभरात मराठी, तेलुगू, गुजराती, तमिळ अशा सह्यांनी कागद दोन्ही बाजूंनी भरला. एचओएच्या मॅनेजरबाईंनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "यात एकही घरमालक नाही. सगळे पाहुणे आहेत." मी स्वतः घरमालक, शेजारी उभा, पण माझी सही घ्यायचं ना त्यांना सुचलं ना मला! परतताना ते हसून म्हणाले, "जन्मभर हेच केलं बघ. ज्यांना गरज त्यांच्याकडे गेलो, ज्यांच्याकडे मत त्यांना विसरलो." पण हसू लगेच मावळलं. "तुझ्या आईला शब्द दिलाय. ही लढाईसुद्धा हरलो तर पुरे झालं."

दुसरी फेरी आयांनी लढवली. "आधी सही, मग पोळी," असं फर्मान घरोघर निघालं. माझ्या आईने तर माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. जन्मात मीटिंगला न गेलेले इंजिनियर ऑक्टोबरच्या मीटिंगला हजर झाले आणि बाक मंजूर झाला. सासरेबुवांचे डोळे भरून आले. भर सभेत त्यांनी आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "अगं बाई!" म्हणत आईने पदराने गाल पुसले, आणि घरी येऊन नागपूरला फोन करून सगळ्यांना सांगितलं.

मंजुरी मिळाली, तरी एचओएचं काम एचओएच्या चालीने. नोव्हेंबरात आई परत गेली. सासरेबुवाही फ्रान्सला गेले, त्यांच्या गावात निवडणुका होत्या, आणि म्हणे पोस्टरं चिकटवायला माणसं कमी पडत होती. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर! दर रविवारी तिकडून फोन यायचा, "बाक आला?"

बाक फेब्रुवारीत आला, कडाक्याच्या थंडीत. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी एकटाच जाऊन बसलो, फोटो काढला आणि पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. आधी खूप आनंदले, मग रागावले. "तू का बसलास? तरुण माणूस तू! ऊठ, जागा मोकळी ठेव. मे महिन्यात तुझी आई येईल."

आईच्या डॉक्टरांनी तिला आता एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

"हो," म्हणालो, आणि उठून उभा राहिलो.