घाबरायचं कधी

दवाखान्यात त्यांना सगळे परीक्षावाल्या सिस्टर म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. गर्भपाताच्या गोळ्या घ्यायला आलेली एकही बाई या सिस्टरांच्या तावडीतून तोंडी परीक्षा दिल्याशिवाय सुटत नाही. आधी डॉक्टर बाई तपासतात, किती आठवडे झाले ते बघतात, गर्भ पिशवीतच आहे ना याची सोनोग्राफीत खात्री करतात. मग ती बाई शेजारच्या छोट्या खोलीत येते. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ आणि पाण्यानं भरलेला एक मग. सोबत आलेली आई, नवरा, मैत्रीण, जे कोण असेल ते बाहेर. बाईनं स्वतः म्हटलं तरच आत.

सिस्टर ड्रॉवरमधून एक जाड पॅड काढतात आणि त्यावर पाणी ओततात. ओततच राहतात. पॅड फुगतं, कडेनं गळायला लागतं, तेव्हा कुठे हात थांबतो. याला म्हणायचं पूर्ण भिजलं, त्या सांगतात, नुसता डाग पडला तर ते मोजायचं नाही. सफाईवाल्या मावशींचं म्हणणं असं की सिस्टर वर्षाला जेवढी पॅडं पाण्यात घालवतात तेवढ्यात एखादं दुकान चाललं असतं. सिस्टर हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओततात.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. पूर्वी त्यांचं नावच ‘घाबरू नका सिस्टर’ पडलं होतं. आवाज मऊ, हात उबदार, आणि दर दोन वाक्यांनंतर एक ‘घाबरू नका’. रडत आलेल्या बाया त्यांच्यापाशी शांत व्हायच्या. डॉक्टर बाई कौतुक करायच्या आणि सिस्टरांनाही आपल्या त्या गुणाचा थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलायचं!

चौदा वर्षांपूर्वी एक शिवणकाम करणारी बाई आली. पदरात एक मुलगी, नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिच्या हातात कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांची शिवलेली पिशवी होती, पिवळ्या फुलांचा एक तुकडा मधोमध बसवलेली. सिस्टरांनी पिशवीचं कौतुक केलं. पुढच्या वेळी तुम्हाला एक आणते, ती म्हणाली. मग सिस्टरांनी तिला सगळं सांगितलं, म्हणजे सगळं सांगितलं असं त्यांना वाटलं. पहिली गोळी इथं, बाकीच्या परवा सकाळी घरी, गालात धरून ठेवायच्या. पोटात कळा येतील, रक्त जाईल, गाठी पडतील. घाबरू नका. नेहमीच्या पाळीपेक्षा जास्त जाईल. घाबरू नका. ती मान डोलावत होती. किती गेलं की घाबरायचं, हे सांगायचं राहून गेलं. बाहेर रांग होती, बाई समजूतदार दिसत होती, आणि घाबरवायला सिस्टरांच्या जिवावर यायचं.

ती बाई गोळ्यांच्या दिवशीच संध्याकाळी आली ती शेजाऱ्यांच्या गाडीतून, पांढऱ्या ओठांची. दुपारपासून जात होतं, शेजारीण म्हणाली, पण हिनं कुणाला हाकच मारली नाही. घरात पॅडं संपली तेव्हा शिवणाचे तुकडे घेत राहिली. मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या कागदावर सिस्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सर्व सूचना दिल्या’, आणि खाली सही. चौकशी झाली. कागद नीट होता. कुणी सिस्टरांना शब्दानं दुखावलं नाही. तेच त्यांना जन्मभर पुरलं.

असं क्वचित होतं, फार क्वचित. त्याआधी आणि त्यानंतर त्यांच्या हाताखालून गेलेल्या बाया दोन-चार दिवसांत कामाला लागल्या, पुढे काहींना हवी तेव्हा मुलंही झाली. हे सिस्टर स्वतःलाच कितीदा सांगतात. पण दवाखान्यासमोरच्या माडीवर कुणीतरी शिलाई मशीन चालवतं. ते चालू असतं तोवर सिस्टरांचं काम सुरळीत चालतं. ते मध्येच थांबलं की त्यांचा हात जागच्या जागी थांबतो, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत त्या श्वास धरून बसतात. सुनेनं एकदा पिवळ्या फुलांची उशी आणली, तर सिस्टरांनी ती न बोलता कपाटात ढकलली. सुनेला वाटलं, सासूबाईंना आपली निवड आवडली नाही. तिला कोण आणि काय सांगणार?

या सोमवारी एक मुलगी आली. तेवीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी, बोलायला चुरचुरीत. सात आठवडे. सोबत मैत्रीण होती, तिला आत बोलवा म्हणाली. पाणी ओतून झालं, सांगून झालं, आणि परीक्षा सुरू झाली. मुलगी धडाधड उत्तरं देत गेली. गोळ्यांच्या दिवशी थंडी वाजेल, उलटी होईल, थोडा तापही येईल, पण दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर फोन. गोळ्या घेऊन चोवीस तासांत रक्त गेलंच नाही तरी फोन. वास येणारा स्राव, चक्कर, पोटात एका बाजूला न थांबणारी कळ, तरी फोन. दिवस राहिल्याची तपासणी घरी लगेच करून बघायची नाही, चारेक आठवडे ती खोटंच सांगू शकते. आणि दोन आठवड्यांत पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून ते टाळायची सोय आधी. मैत्रीण कौतुकानं बघत होती.

“आणि घाबरायचं कधी?” सिस्टरांनी विचारलं.

मुलीनं मांडीवरची पिशवी चाचपली आणि तेव्हा पहिल्यांदा सिस्टरांचं तिकडे लक्ष गेलं. तुकड्यांची पिशवी, विटलेली. मधोमध पिवळी फुलं.

“माझ्या आईला इथंच सांगितलं होतं, घाबरायचं नाही म्हणून,” मुलगी म्हणाली. “मी नऊ वर्षांची होते. शेजारच्या काकूंना बोलावते म्हणाले तर तिनं माझा हात धरून ठेवला. म्हणाली, सिस्टरांनी सांगितलंय, असंच होतं. मग तिचा हात सुटला, तेव्हा मी गेले. मला वाटतं, तिनं नीट ऐकलंच नसेल. किंवा मी तरी हात सोडवून पळायला हवं होतं.”

समोरचं मशीन चालू होतं. सिस्टरांना वाटलं, आता ते थांबेल. गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. कागद चौदा वर्षांपूर्वीच बंद झाला होता, आणि निवृत्तीला आता जेमतेम वर्ष उरलं होतं. पण ही पोर परवा सकाळी त्याच गोळ्या गालात धरणार होती, आणि आईचा दोष आणि स्वतःचा दोष असं दुहेरी ओझं घेऊन.

“तुझ्या आईनं अगदी नीट ऐकलं होतं,” सिस्टर म्हणाल्या. आवाज मऊ करायचा मोह त्यांनी आवरला. “ते सांगणारी मी होते. घाबरू नका एवढंच सांगितलं, कधी घाबरायचं ते सांगितलंच नाही. चूक माझी होती. तुझी नव्हती, तिचीही नव्हती.”

मुलगी ओरडली असती तर सिस्टरांना सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मैत्रिणीनं दुसऱ्या दवाखान्यात जाऊ या का विचारलं, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मग ओल्या पॅडकडे बोट करून सिस्टरांना म्हणाली, “पुन्हा सांगा.”

“तासाला दोन पॅडं, अशी भिजलेली. लागोपाठ दोन तास. मग घाबरायचं, भरपूर घाबरायचं, आणि मला फोन करायचा. पॅडऐवजी कपडा घ्यायचा नाही, मोजता येत नाही.”

बुधवारी सिस्टर सकाळपासून टेबल सोडून हलल्या नाहीत. नऊला गोळ्या घेतल्याचा फोन झाला होता. बाराला रक्त सुरू झालं. डबा तसाच राहिला. एक वाजल्यानंतर समोरचं मशीन थांबलं, जेवायला उठली असेल बाई, पण सिस्टरांनी फोन जवळ ओढला. त्या फोनकडे बघत बसल्या. चौदा वर्षांपूर्वी ती बाई याच वेळी कपड्याचे तुकडे निवडत बसली असेल, पुन्हा पुन्हा त्यांना हेच दिसत होतं, आणि तिच्या कानात त्यांचाच मऊ आवाज.

सव्वादोनला फोन वाजला.

“सिस्टर, पहिल्या तासात दोन, दुसऱ्या तासात दोन,” मुलगी म्हणाली. “मी घाबरलेय.”

“शहाणी गं माझी बाय,” सिस्टर म्हणाल्या. “मैत्रिणीला घेऊन नीघ. गाडीत पाय वर करून झोपून ये. मी दारात आहे.”

गर्भपिशवीत थोडा भाग अडकला होता. डॉक्टर बाईंनी तो दहा मिनिटांत काढला, सलाईन लावलं, आणि पाच वाजेपर्यंत मुलीच्या ओठांवर रंग आला. सिस्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या होत्या. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही आणि सिस्टरांनी मागितलंही नाही. फक्त झोप लागायच्या आधी तिनं सिस्टरांचा हात धरला, घट्ट. सिस्टरांनी तो तसाच राहू दिला आणि कागद दुसऱ्या हातानं पुढं ओढला.

‘सर्व सूचना दिल्या’ असं लिहायची त्यांची हिंमत चौदा वर्षांत झाली नव्हती. त्या रोज एकेक सूचना वेगळी लिहायच्या. आज सगळ्यांच्या खाली त्यांनी वाकड्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली, ‘रुग्ण वेळेवर घाबरली.’ डॉक्टर बाईंनी ती वाचली, त्या दोघींच्या हातांकडे पाहिलं आणि काही न खोडता सही केली.