रिकामा खण

शुभांगीचा आवाज मोठा आणि राग नाकावर. नाशिकला अंबडच्या एका गिअर कारखान्यात ती व्हर्च्युअल मशीन सांभाळते. म्हणजे चार मोठ्या सर्व्हरच्या पोटात साठ कॉम्प्युटर चालतात, त्यांना डिस्कवर जागा वाटून द्यायची. माहेर विंचूरकडचं, कांद्याचं. कांदा साठवायच्या चाळीतला सडका माल निवडायचा तर एक खण मोकळा लागतो, हे ती लहानपणीच शिकली. म्हणून इथेही तिने तीनशे जीबी नुसतेच अडवून ठेवले आणि नाव दिलं ‘रिकामा खण’. ऑफिसात सगळे हसले. हसायला काय जातं? मागच्या महिन्यात रंगनाथ साहेबांनी ती जागा डिझाइनवाल्यांना द्यायला सांगितली. तिने चरफडत ते काम हाताखालच्या भारतवर सोपवलं.

मंगळवारी दुपारी स्टोरेज अठ्ठ्याण्णव टक्के भरलं. शंभर झालं की मशीन जागच्या जागी थांबणार, त्यात भट्टीचं तापमान नोंदवणारंही. भट्टीत चारशे गिअर होते. नोंद तुटली तर गिऱ्हाईक सगळा माल नाकारतं.

“भारत, स्नॅपशॉट घेऊन विसरलास ना?” ती सगळ्यांसमोर कडाडली. अपडेटआधी मशीनची आहे तशी स्थिती जपायची, तो स्नॅपशॉट. काम झाल्यावर काढला नाही तर फुगत जातो. “डोकं कुठे असतं तुझं?”

भारत खाली मान घालून शोधत राहिला. आकडा नव्व्याण्णववर गेला.

“सापडला,” तो हळूच म्हणाला आणि स्क्रीन फक्त तिच्याकडे वळवली. भट्टीचंच मशीन. पाच आठवड्यांपूर्वीचा स्नॅपशॉट, ती चाळ भरायला गावी गेली त्याच्या आदल्या दिवशीचा. घेणाऱ्याचं नाव शुभांगी.

तो काढायचा तर मूळ डिस्कमध्ये मिसळावा लागतो, आणि त्यालाही मोकळी जागा हवी.

“मॅडम, खण आहे अजून.”

“दिला नाहीस?”

“डिझाइनला जुन्या डिस्कवर जागा दिली. खण मोकळा पाहिजे असं तुम्हीच सांगता. ओरडाल म्हणून बोललो नाही.”

तिने खण पुसून अडवलेली जागा मोकळी केली. आकडा उतरला. मिसळायला चाळीस मिनिटं लागली, तेवढा वेळ ती खुर्चीत टेकली नाही. भट्टीची नोंद तुटली नाही.

रंगनाथ साहेब आले. “कोणी करून ठेवलं हे?”

सगळे भारतकडे बघायला लागले.

मघाशी जितक्या मोठ्याने ओरडली होती, तितक्याच मोठ्याने शुभांगी म्हणाली, “मी. निस्तरलं भारतने.” मग त्याच्याकडे वळली, आणि आवाज मात्र पुरला नाही. “चुकलं माझं.”