कांद्याचा वास

बेघरांच्या निवाऱ्यात मी चार वर्षं काम केलं. संध्याकाळी सातला दार उघडायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड हुंगायचं, हे माझ्याकडे होतं. दारावर पाटीच होती: दारू पिऊन येणाऱ्यास प्रवेश नाही. दारू सुटत नाही म्हणून ज्याचं घर सुटलं, त्यालाच सांगायचं, आधी दारू सोड, मग छप्पर देतो. कुणाच्या डोक्यातून निघाली ही अक्कल, देव जाणे!

पिंपळगाव राजाकडचा एक हमाल यायचा. एकदा नियमाप्रमाणे मी त्याला परत पाठवलं. सकाळी तो एसटी स्टँडवर दिसला, पोटरीला कुत्रं चावलेलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सात वाजत आले की मी दारात येरझारा घालायची.

मग तो कच्चा कांदा खाऊन येऊ लागला. कांद्याखालची दारू मला कळायची. वहीत मी 'वास नाही' असं लिहायची.

एका संध्याकाळी त्याच्या तोंडाला कसलाच वास नव्हता. मी पुन्हा हुंगलं.

"काऊन भाऊ, आज कांदा नाही खाल्ला?"

"लपवाले काही नव्हतं, ताई."

दुसऱ्या दिवशी मी सहालाच दारात जाऊन उभी राहिले. सातला तो मान खाली घालून आला आणि चार पावलांवरूनच कांदा नाकात शिरला. पाटी माझ्या पाठीशी होती. मी दारातून बाजूला सरले.

"हातपाय धुऊन घ्या भाऊ, भाकर गरम हाय."