आजोबांच्या फुफ्फुसांचे दोन फोटो

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबा एवढे वाळलेले का दिसतात, दुखणं पुन्हा उलटलं का. मी नुसतं 'नाही' म्हणाले. त्याने तुमचं समाधान झालं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

गेल्या वर्षी आजोबांच्या नाकातून रक्त यायचं, मग खोकल्यातूनही यायला लागलं. तेव्हा आम्ही साताऱ्यात राहायचो. तिथे आधी क्षयाचं औषध सुरू झालं, कारण आपल्याकडे खोकल्यात रक्त म्हटलं की तेच मनात येतं. उतार पडेना, तेव्हा सांगलीला विश्रामबाग भागात सीटी स्कॅन केला. रिपोर्ट मी रिक्षातच वाचला. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे शब्द कळले. दोन्ही फुफ्फुसांत गाठी, काहींच्या आत पोकळी, सर्वांत मोठी लिंबाएवढी. मला काही वाटलं नाही. कागद पाकिटात घातला आणि रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

रक्त तपासून आणि फुफ्फुसाचा बारीक तुकडा काढून डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, व्हॅस्क्युलायटिस. शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या रक्तवाहिन्यांवर उलटते. सलाईनमधून एक औषध आणि रोज स्टिरॉइडच्या गोळ्या. "काही महिन्यांनी पुन्हा सीटी करू. तोवर एकही गोळी मनाने बंद करायची नाही," असं त्यांनी बजावलं.

आम्ही पलूसजवळ आपल्या गावी राहायला आलो. रक्त थांबलं. गोळ्यांनी आजोबांचा चेहरा फुगू लागला. तो फुगणार हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, गावाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आपल्या गावात तब्येत गालांवरून ठरते.

शेजारचे म्हातारे पैलवान ओट्यावर येऊन म्हणाले, "तात्या, लय सुधारलासा की. सासुरवाडीत पाहुणचार झोडल्यागत दिसतायसा."

"पेन्शनीवर माणूस सुजतंच," आजोबा म्हणाले. पण ते खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्यांची वाटी सरकवली. "बास आता. तो दुसरा फोटोही नको. फौजेत डॉक्टर तोंड बघून फिट म्हणायचा."

"अहो, तोंड बघून गाल दिसतात. फुफ्फुसं दिसत नाहीत."

"तू मास्तरीण ती मास्तरीणच."

मला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. गोळ्या बंद झाल्या तर पुन्हा रक्त येईल आणि त्या वेळी ते थांबेलच असं नाही, एवढं माहीत होतं. परीक्षेच्या वर्गात उभी राहायचे तशी पाण्याचा पेला धरून उभी राहिले. शेवटी त्यांनी गोळ्या गिळल्या. "पण फोटो चांगला आला तर सगळं बंद," म्हणाले. मी 'बरं' म्हटलं. त्यानंतर रोज तसंच चाललं.

दुसऱ्या स्कॅननंतर डॉक्टरांनी दोन्ही फोटो संगणकावर शेजारी लावले. लहान गाठी नव्हत्या. लिंबाएवढ्या पोकळीच्या जागी एक पांढरी रेघ होती.

"मग बंद?" आजोबांनी विचारलं.

"हे औषधानेच झालंय. एकदम सोडलंत तर पहिल्या फोटोसारखं होईल. गोळ्या हळूहळू उतरवू."

आजोबा बराच वेळ पहिल्या फोटोकडे बघत राहिले. परत येताना गाडीत मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेरचा ऊस बघत होते.

गोळ्या उतरल्या तसे गालही उतरले. पैलवान आता म्हणतात, "तात्या, खंगलासा. दवाखाना बदला." आजोबा त्यांना चहा देतात आणि गोळी घेतात. तुम्हाला कॉलवर दिसला तो हाच चेहरा.

या रोगाने त्यांना डाव्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं, ते तसंच राहील असं डॉक्टर म्हणतात. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला ती रेघ आहे. रोज एक लहान गोळी आहे. आणि सकाळी आजोबा मळ्याच्या बांधापर्यंत चालत जातात आणि वाटेत न थांबता परत येतात.