सटवाची घंटा

सटवा येताना दिसला की बाया हातातलं काम टाकून उभ्या राहत. त्याचा चेहरा वाईट नव्हता. कामच तसं होतं. कडा गावच्या महारवाड्यात त्याच्या घराकडं येसकरकी होती, वेस राखायची आणि निरोप न्यायची. गावात कुणी गेलं की नात्यागोत्याच्या गावांना सांगावा न्यायचा तो सटवानं. बापानं तेच केलं, आज्यानंही तेच.

सांगाव्याची रीत होती. येसकराच्या काठीला घुंगरं असत. एरवी चालताना ती वाजत, आणि कुणी मान वर करून बघतही नसे. मौतीचा सांगावा असला की घुंगरं फडक्यात बांधायची. मुक्यानं जायचं. दारापासून लांब उभं राहायचं. फार बोलायचं नाही; नाव सांगायचं आणि मान खाली घालायची. आत रडणं उठलं की काम झालं. मग कुणीतरी लांबून भाकरी टाकी. ती घेऊन सटवा परत फिरे आणि वाटेत खाई. दुसऱ्याच्या मरणाची भाकरी त्याला कडू लागत नसे. भूक असे. पण लग्नाचं बोलावणं न्यायला न्हावी होता, बारशाचं सांगायला बाया होत्या. सटवाच्या वाट्याला तेवढं मरण आलं होतं. एकदा तरी कुणाच्या दारात चांगली बातमी घेऊन जावं, असं त्याला वाटे. असं वाटतं हे तो कुणाला बोलला नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

असाच एक सांगावा घेऊन तो नगरला गेला. निजामाच्या मोगलाईची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात. मिशनच्या आवारात त्या दिवशी कुणाला तरी पुरत होते. सटवा कुंपणाशी उभा राहिला. त्याला मरणं ठाऊक होती. हे मरण त्याला कळेना. माणसं रडत होती, पण गातही होती. ऊर बडवणारं कुणी नव्हतं. सगळं उरकल्यावर पाळकसाहेब कुंपणाशी आले. सटवानं विचारलं, हे गातात कशापायी. पाळकांनी सांगितलं की मरण हा शेवट नाही, अशी एक बातमी आम्हाला मिळालेली आहे. तिला आम्ही शुभवर्तमान म्हणतो.

सटवा कुंपणाच्या आणखी जवळ सरकला.

"ही बातमी गावोगाव न्यायला माणूस लागतो का?"

पाळक हसले. सटवा हसला नाही.

पुढं त्याचा बाप्तिस्मा झाला. शमुवेल असं नाव मिळालं. ते नाव नगरलाच राहिलं. कड्यात तो सटवाच होता. बोट ठेवून ठेवून तो वाचायला शिकला. पाळकांनी सांगितलं, येसकरकी सोडायची, बलुतं घ्यायचं नाही, जोहार घालायचा नाही. सलाम म्हणायचं. सटवानं सगळं सोडलं. काठी धाकट्या भावाला, बिभीषणला दिली. महारवाड्यानं मग सटवाला सोडलं. पंचांनी त्याचं हुक्कापाणी बंद केलं. त्याची बायको शिवकन्या हिला न्यायला तिचे भाऊ आले. निघताना ती उंबऱ्याशी थांबली. तुला नेमकं मिळालं तरी काय, असं तिनं विचारलं. तिला समजेल असं सांगायला त्याला जमलं नाही. ती गेली.

पिशवीत बारकी पुस्तकं घालून सटवा पहिल्यांदा बाहेर पडला तो घाटावरच्या खडकवाडीला. ते गाव निवडण्यात त्याचा हिशेब होता. कड्याच्या पाटलांची लेक सत्यभामा तिथं दिलेली होती. ओळखीचं एक दार असावं, इतकंच.

ओढ्याच्या वळणावर तो दिसला. सत्यभामा पाणी घेऊन येत होती. कड्याचा महार येतोय. एकटा. घुंगरं वाजत नाहीत. तिच्या हातून घागर सुटली आणि तिनं टाहो फोडला. गल्ली गोळा झाली. माय गेली की भाऊ गेला, कुणाला कळेना. सासूनं तिला धरलं. दोन म्हाताऱ्यांनी गळा काढला. सटवा धावत आला आणि त्या सगळ्या रडारडीत उभा राहून म्हणू लागला, की कुणी गेलं न्हाई, मी चांगली बातमी आणलीय. काठी त्यानं सोडली होती. काठीबरोबर घुंगरंही गेली हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला दगड पडले नाहीत हेच पुष्कळ. रडून दमलेल्या बायांनी त्याला पोटभर शिव्या घातल्या. सत्यभामा डोळे पुसत म्हणाली,

"माजा जीव घेतलास की रे मेल्या. पुन्ना मुक्यानं येऊ नगंस. गळ्यात घंटी बांद."

सटवानं ते मनावर घेतलं. नगरच्या शाळेत तडा गेलेली एक पितळी घंटा पडून होती. पाळकांनी ती दिली. येताना हद्दीच्या नाक्यावर दिलावर शिपायानं नेहमीसारखी पिशवी उघडायला लावली. घंटा हातात घेऊन त्यानं वाजवून पाहिली.

"क्यों बे सटवा, अब मेंढरू हो गया क्या तू?"

सटवा म्हणाला, तसंच समजा जमादार.

तेव्हापासून तो असाच फिरला. गाव दिसलं की घंटा वाजवायची. तड्यामुळं तिचा आवाज फुटका येई. लोकांना कळे, मौत नाही, सटवा आहे. माणसं निर्धास्त होऊन कामाला लागत. त्याच्याकडं कुणी येत नसे. तो पारापासून लांब उभा राही आणि सांगे. ऐकायला कुत्री असत. कुणी जाणता म्हातारा थांबे आणि विचारी, तुझ्या देवानं तुला विहिरीवर पाणी भरू दिलं का? सटवा म्हणे, अजून न्हाई. म्हातारा मान हलवून निघून जाई. महारवाड्यात जावं तर तिथं पंचांचा धाक. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. नाक्यावर दिलावर विचारी, "कोई मिला?" सटवा मान हलवी. दिलावर म्हणे, "मिलिंगा, मिलिंगा." सटवाशी असं बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि तो थट्टा करत होता.

एका गोष्टीची त्याला फार ओढ होती. नगरला सगळे मिळून प्रभूची भाकर मोडत. एका भाकरीतून सगळे खात. कड्यात ते होत नसे. पाळकांनी सांगितलं होतं, एकट्याची पंगत होत नाही. आणखी एक जण तयार झाला, की मी स्वतः भाकर आणि प्याला घेऊन येईन. सटवा घरी एकटा जेवायला बसला की समोरच्या जागेकडं बघे. एकच माणूस हवं होतं.

आणि मग सत्यभामा म्हणाली, ऐकते.

ती खडकवाडीत नांदून थकली होती. तिला मूल नव्हतं. घरात बोलायला कुणी नव्हतं. फुटक्या घंटेचा आवाज आला की ती ओसरीवर येई. हा माहेरचा माणूस. माय कशी आहे, चिंचेला चिंचा किती लागल्या, एवढं विचारून आत जाई. त्या वर्षी ती आत गेली नाही. म्हणाली, जत्रा उरकली की ये. मी मोकळी असते. तुझी ती बातमी काय हाय ती ऐकते एकदा.

सटवानं ते नगरला जाऊन सांगितलं. पाळकांनाही बरं वाटलं. त्यांनी विचारलं, काय सांगणार आहेस? सटवानं सगळं म्हणून दाखवलं. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं. परत येताना दिलावरनं विचारलं, "कोई मिला?" सटवा म्हणाला, बहुतेक. दिलावरनं हातानं पुढं जायची खूण केली. पिशवीही उघडायला लावली नाही.

जत्रा उरकली. सटवा दुसऱ्या दिवशी निघणार होता. त्याच्या आदल्या सकाळी सत्यभामेची आई भिवराबाई गेली.

बिभीषणच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजला होता. बाकीची माणसं तालुक्याच्या साहेबाच्या वेठीला गेलेली. उत्तरेश्वर पाटील, सत्यभामेचा भाऊ, स्वतः महारवाड्याच्या तोंडाशी आला. डोळे लाल होते. लेकीनं तोंड बघितल्याबिगर माती द्यायची नाही, असं म्हातारी सांगून गेली होती. सटवानं पाटलाला आठवण करून दिली, की मी ते काम सोडलंय, आमच्या धर्मात ते चालत न्हाई.

"बाप्तिस्मा तुज्या डोक्याचा झालाय, सटवा," पाटील म्हणाला. "पायाचा न्हाई."

सटवानं पायात वहाणा घातल्या. सवयीनं पिशवी खांद्याला लावली आणि निघाला.

वाटभर तो भरभर चालला. भिवराबाईनं लहानपणी त्याला लांबून का होईना गूळ टाकलेला होता. घाट चढताना त्याला तेच आठवत होतं. उद्या सांगायचं ठरवलेलं सगळं मधूनच ओठावर येई. तो ते गिळी. ओढ्याचं वळण आलं. आणि त्याच्या हातानं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, पिशवीतली घंटा काढली आणि वाजवली.

वाजल्यावर त्याला कळलं. तोवर ती दारात आली होती.

लिंबाखाली तिनं गोणपाट अंथरलेलं होतं. उद्याची तयारी आजच केली असावी. ती हसत होती. सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"एक दिस आदीच आलास व्हय? बस. आज ऐकते."

कुणी त्याला बस म्हणालं होतं. ऐकते म्हणालं होतं. सटवा उभा राहिला. मग त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. घंटा त्यात गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ. सत्यभामा त्या हातांकडं बघत होती. ती कड्याची लेक होती. तिला रीत ठाऊक होती.

"कोण?"

"भिवराबाई."

तो बसला नाही. गोणपाट तसंच राहिलं.

गाडी जुंपली. सत्यभामा आणि तिचा नवरा गाडीत, सटवा मागं चालत. घाट उतरेपर्यंत ती रडत होती. खाली सपाटीला लागल्यावर गप झाली. मग गाडीच्या मागच्या अंगाला सरकून बसली.

"सटवा, तुज्या पुस्तकात काय लिवलंय? माय कुठं गेली आसंल?"

याच्यासाठीच तर तो चालत आला होता, इतकी वर्षं. उत्तर त्याला पाठ होतं. ज्यांनी ऐकलं आणि मानलं त्यांचं काय होतं, ते पाळकांनी शिकवलं होतं. ज्यांच्यापर्यंत बातमी गेलीच नाही त्यांचंही शिकवलं होतं. भिवराबाईच्या दारात तो कधी गेला नव्हता. स्वतःच्या गावातल्या पाटलाच्या दारात जायची त्याची छाती झाली नव्हती. हे त्याला आत्ता, गाडीमागं चालताना कळलं.

"मला ठाऊक न्हाई, ताई."

बैल चालत होते. सटवा चार पावलं भरभर टाकून गाडीच्या जवळ आला. त्यानं सांगितलं, की येशूचा एक सोबती होता. तो गेला. येशूला सांगावा गेला होता, पण त्याला पोचायला उशीर झाला. सोबत्याची बहीण त्याला म्हणाली, तू इथं असतास तर माझा भाऊ गेला नसता.

"मग?"

"मग तो रडला."

"कोण? तुजा देव?"

"हां."

सोबत्याला पुढं येशूनं मेलेल्यातून उठवलं, हे सटवानं सांगितलं नाही. कडा गाव आलं होतं. भिवराबाई अंगणात निजवलेली दिसत होती.

पाळकांना त्यानं काही लपवलं नाही. येसकरकी केली म्हणून पाळक रागावले. त्याहून जास्त, ती विचारत असताना ठाऊक नाही म्हणालास म्हणून रागावले. एवढी वाट होती हाताशी, ते म्हणाले. सटवा म्हणाला, वाट व्हती, पर गाडीत तिचं दुःख व्हतं, साहेब. भाकर आणि प्याला घेऊन पाळक कड्याला कधी आले नाहीत. येण्याचं कारण झालं नाही.

सत्यभामेनं बाप्तिस्मा घेतला नाही. सटवानं विचारलंही नाही. पण घंटा वाजली की लिंबाखाली गोणपाट पडू लागलं. सासू कुरकुरे. सटवा बोट ठेवून एक पान वाची. ती ओसरीवर सूप घेऊन बसे. पान झालं की ती कड्याचं विचारी, आणि तो सांगे. कधी त्याला सटूदादा म्हणू लागली, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. उरलेल्या गावांत कुत्रीच होती. घरी समोरची जागा रिकामीच होती.

तो म्हातारा झाला आणि एका थंडीत तापानं आडवा पडला. बिभीषण भावकीला न विचारता येऊन बसला. आता भावाला सोडून त्याला जाता येईना. शिवकन्या केव्हाच वारली होती. मूलबाळ नव्हतं. नगरला निरोप जाईल, पण तिकडचे पाळकही आता दुसरे होते. बिभीषण येसकर होता, त्याला एकच गोष्ट विचारायला सुचली.

"दादा, सांगावा कुणाकडं न्यायचा?"

सटवानं हातानं घाटाची दिशा दाखवली. मग खडकवाडीचं नाव घेतलं.

सत्यभामा उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. ओढ्याच्या वळणावर कड्याचा महार दिसला. घुंगरं वाजत नव्हती. ती उठून उभी राहिली. टाहो फोडला नाही. तिची माय गेलेली होती, भाऊही गेला होता. कड्यात तिचं आता कोण उरलं होतं?

बिभीषण लांब उभा राहिला. घुंगरं फडक्यात बांधलेली काठी त्यानं आडवी धरली.

"सटवा," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

तिनं आतून भाकरी आणली. टाकली नाही, लिंबाखाली गोणपाट अंथरून त्यावर ठेवली. बिभीषण ती घेऊन गेला.

मग तिनं चुलीवर ठेवलेलं पाणी न्हाणीत नेलं आणि भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली. ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा सासूनं विचारलं, कुणाचं गं सुतक?

"माहेरचं माणूस गेलं," सत्यभामा म्हणाली.