प्रोजेक्टरचं कवच आणि धनूची शेवटची चढाई

मी पंचवीस वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो आणि आमच्या घरातले बल्ब माझी बायको बदलते.

यात आम्हा दोघांनाही काही गैर वाटत नाही. कारखान्यात माझ्या हाताखाली आठ माणसं आहेत. घरी सुलभाच्या हाताखाली एकच आहे आणि त्याने स्टूल नीट धरावं, यापलीकडे तिची अपेक्षा नाही. पण मागच्या दिवाळीत मी हॉलसाठी प्रोजेक्टर घेतला आणि माझ्यातला इंजिनिअर पहिल्यांदाच घरी जागा झाला. (झोपलेला होता तेच बरं होतं, हे सुलभाचं मत.)

त्याचं झालं असं, की प्रोजेक्टरचा दिवा फार तापतो. बंद केल्यावरही आतला पंखा दोनेक मिनिटं फिरून त्याला थंड करतो. मध्येच लाईट गेली तर पंखा थांबतो आणि दिवा बिचारा स्वतःच्याच आचेत भाजत बसतो. शिवाय लाईट परत येताना कधीकधी अशी उसळून येते, की आतल्या सर्किटचा कोळसा! नेरूळमध्ये आमच्या सेक्टरात लाईट तशी फारशी जात नाही. पण त्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला खोदकाम निघालं आणि ती न सांगता जाऊ लागली, न सांगता येऊ लागली. माझी झोप उडाली.

मी कवच उभारायला घेतलं. भिंतीतल्या प्लगला स्टॅबिलायझर, स्टॅबिलायझरला स्पाइक गार्ड, स्पाइक गार्डला बॅटरीवाला यूपीएस आणि यूपीएसला, सर्वांत शेवटी, पहिलटकरीण सुनेसारखा जपून ठेवलेला प्रोजेक्टर. हॉलमधून वायरी अशा गेल्या होत्या, की आमची कॉलेजात जाणारी मुलगी गौरी सोफ्यापर्यंत उड्या मारत यायची.

"बाबा, हा हॉल आहे की सबस्टेशन?"

"सेफ्टी म्हणतात याला!"

"माझ्या पायाला प्लास्टर होतं," सुलभा आतून म्हणाली, "तेव्हा उशी द्या म्हटलं तर ऐकू येत नव्हतं यांना."

यूपीएसची चाचणीही मी रीतसर घेतली. टेबललॅम्प लावला, मेन स्विच पाडला, लॅम्प झकास जळत राहिला. प्रोजेक्टर लावून चाचणी घेण्याचा धोका कोण पत्करणार? (इथे जाणकार वाचकांनी हसू आवरावं. पुढे बरंच हसायचं आहे.)

एवढं सगळं माझ्यापाशीच राहिलं असतं तर ठीक होतं. पण एका बुधवारी लक्ष्मीबाय आली. लक्ष्मीबाय जवळच्या सारसोळे गावची कोळीण. आमच्या दारात मासळीची पाटी उतरवायला लागून तिला पंधरा वर्षं झाली असतील. त्या दिवशी तिने बोंबलांचा भाव सांगितला नाही, की आमच्या कंजूषपणावर ताशेरे ओढले नाहीत.

"ताई, आमचे धनूची फायनल हाय रविवारी. कबड्डीची. पार सांगलीला."

धनश्री तिची नात. पहाटे आजीबरोबर मासळी उतरवून मग प्रॅक्टिसला जाणारी पोरगी, आता थेट राज्याची फायनल खेळणार होती!

"अगं बाई! मग तुम्ही जाणार ना?" सुलभा म्हणाली.

"माजे गुडघं कुठं सांगलीला जातान? तिचा बापूस गेलाय. आमी मोबायलात बगू. पन त्यात धनू मुंगीएवरी दिसते. कोन खेलतंय तेच समजत नाय."

मी पेपर खाली ठेवला. सुलभाने मला डोळ्यांनी 'नको' म्हटलं. तेही तीन वेळा म्हटलं.

"लक्ष्मीबाय, मुंगी कशाला? इकडे या! भिंतीवर खऱ्या धनूपेक्षा मोठी धनू दाखवतो."

"आनि लाईट गेली तं?"

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. यूपीएस म्हणजे काय, हे मी तिला दारात उभं करून वीस मिनिटं समजावलं. पाटीतली मासळीसुद्धा कंटाळली असेल. शेवटी मी म्हणालो, "अख्ख्या नेरूळची लाईट गेली तरी आमच्या भिंतीवर तुमची नात खेळत राहील. माझी गॅरंटी!"

रविवारी संध्याकाळी पाच वाजता लक्ष्मीबाय "घरचीच चार मानसं" घेऊन आली. मी मोजली, तिच्यासकट एकोणीस होती. बरोबर चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा भरलेला टोप होता, भाकऱ्या होत्या. सतरंज्या अंथरल्या गेल्या, पडदे ओढले गेले. अंधार होताच खाडीवरचे डासही मॅच बघायला आले.

"अहो, डासांचं मशीन लावायला घरात एक प्लग रिकामा ठेवलेला नाहीत तुम्ही!" सुलभा करवादली.

"यूपीएसच्या मागे लाव कुठेतरी," मी उदारपणे म्हणालो.

आणि खेळ सुरू झाला. भिंतीवर सात फुटांची धनू अवतरली तेव्हा लक्ष्मीबायने तोंडाला पदर लावला. "ही आमची हाय? एवरी मोठी?" धनूने पहिली पकड केली तसा हॉल असा दणाणला, की खालच्या मजल्यावरून फोन आला. (फोन करणारे पाच मिनिटांत स्वतःच वर आले आणि सतरंजीवर बसले.) मी प्रोजेक्टरशेजारी उभा राहून सगळ्यांच्या कौतुकाच्या नजरा झेलत होतो. धनूला पडणाऱ्या टाळ्यांपैकी निम्म्या आपल्याच, असं मला प्रामाणिकपणे वाटू लागलं होतं.

शेवटचं मिनिट. दोन्ही संघांचे गुण सारखे. शेवटची चढाई आणि ती करणार धनू! तिने कपाळाला माती लावली, मध्यरेषा ओलांडली. समोर तीन पोरी साखळी धरून उभ्या. हॉलमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. धनूने डावीकडे हूल दिली, पाय टाकला...

लाईट गेली.

काळाकुट्ट अंधार. "अयाऽऽई!" एकोणीस जणांचा एक सूर.

"घाबरू नका!" मी गरजलो. याच क्षणाची मी महिनाभर वाट बघत होतो. यूपीएसने ऐटीत पीं... पीं... सुरू केलं. "ऐकलंत? चालू झाला! आता बघा!"

सगळे भिंतीकडे बघत राहिले. भिंत भिंतीसारखीच होती.

"बाबा," गौरी हळूच म्हणाली, "चालू आहे. पण डासांचं मशीन."

कोपऱ्यात त्या मशीनचा इवलासा लाल दिवा शांतपणे तेवत होता. माझं सगळं कवच, महिनाभराची मेहनत, एका डास मारायच्या मशीनला प्राणपणाने वाचवत होतं!

मी मोबाईलच्या उजेडात यूपीएस फिरवला. मागे सहा सॉकेट. त्यातल्या तिनांवर लिहिलं होतं 'बॅटरी'. उरलेल्या तिनांवर 'फक्त झटक्यापासून संरक्षण'. म्हणजे लाईट गेली की त्यांचीही गेली. चाचणीचा लॅम्प नेमका बॅटरीवाल्या सॉकेटात लागला होता, प्रोजेक्टर मात्र या उरलेल्यांतल्या एकात होता. अक्षरं भिंतीच्या बाजूला होती, आणि वाचायची सवय मी कारखान्यातच ठेवून येतो.

"एक मिनिट! एकच मिनिट!" मी मशीन उपटलं, प्रोजेक्टरची पिन घुसवली. दिवा उजळला. टाळ्या! भिंतीवर अक्षरं उमटली, 'इंटरनेट उपलब्ध नाही'.

"वायफायचा डबा कुठल्या यूपीएसवर आहे, बाबा?"

वायफायचा डबा बेडरूममध्ये होता. त्याच्या सुरक्षेचा विचार या जगात कोणीही केलेला नव्हता.

"गौरी, तुझा हॉटस्पॉट लाव! पासवर्ड सांग! स्मॉल की कॅपिटल?" मी रिमोटवर एकेक अक्षर टिपू लागलो. तेवढ्यात घाईघाईत माझाच पाय वायरीत अडकला आणि पिन पुन्हा बाहेर आली. मी पुन्हा यूपीएसमागे घुसलो, अंधारात सॉकेट चाचपू लागलो.

"सुमन, तुजा मोबायल कार गो!" लक्ष्मीबायने सुनेला फर्मावलं. क्षणात एकोणीस माणसं, खालच्या मजल्याची दोन, गौरी आणि सुलभासुद्धा गॅलरीत उजेडाला धावली. सुमनने प्रक्षेपण मागे नेऊन हुकलेली चढाई लावली आणि पाच इंचांच्या मोबाईलभोवती तेवीस डोकी! मी आत यूपीएसला मिठी मारून बसलेला.

आणि गॅलरीतून जो काही कल्लोळ उठला! सोसायटीतली कुत्री भुंकली, समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्यांत आले. धनू तीन जणींना अंगावर घेऊन मध्यरेषेला हात टेकवून आली होती. लक्ष्मीबाय गुडघे विसरून नाचत होती आणि सुलभाला गदागदा हलवत रडत होती. सुलभाही रडत होती.

त्यानंतर दोन मिनिटांत लाईट आली. उसळूनच आली. ट्यूब दोनदा लखलखली, स्टॅबिलायझर टकटक ओरडला. प्रोजेक्टरला मात्र ओरखडाही उमटला नाही, कारण तेव्हा तो कशालाच जोडलेला नव्हता.

"ऱ्हाऊं द्या, भाऊ," लक्ष्मीबायने माझ्या ताटात सर्वांत मोठी चिंबोरी वाढली. "डास पन लई व्हते."

पुढच्या रविवारी धनू स्वतः आली. गळ्यात पदक, गुडघ्याला पट्टी. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आजी सांगते तुम्ही माझ्यासाठी केवढी धडपड केलीत! खरं सांगा, शेवटची चढाई कशी वाटली?"

त्या दिवशी गॅलरीत गेलेल्या सुलभाने आणि गौरीने माझ्याकडे बघितलं.

"काय सांगू पोरी," मी म्हणालो, "सर्रकन अंगावर काटा आला!"

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या क्षणी माझं बोट यूपीएसच्या सॉकेटमध्ये होतं.