सुमीची गूळतुला

नगरच्या माळीवाडा स्थानकातून एसटी सुटली आणि शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "ताई, दोन तिकिटं काढली का?" मागचे दोघे हसले.

"एकच काढलंय. अडचण होत असेल तर उभे राहा," मी म्हणाले. वडिलांनी आणलेली चळवळीची पत्रकं चौकात वाटत मी मोठी झाले, आता ती मीच लिहिते. गप्प बसणं आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. तरी राहुरीपर्यंत मी पोट आत ओढूनच बसले होते.

राहुरी मागे पडली, दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि लहानपण आठवलं. सुट्टीत मी कोल्हारला मावशीकडे यायचे. मावसबहीण सुमी आणि मी गुऱ्हाळात (उसाचा रस आटवून गूळ करतात ती जागा) गरम काकवी चाटत बसायचो. मावशी आमचे गाल ओढून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरींनी बाळसं धरलंय बगा!" गुटगुटीत, गुबगुबीत, गरगरीत. किती शब्द होते आमच्यासाठी! पुढे कधीतरी ते काढून घेतले गेले आणि त्या जागी ढोली, म्हैस, पिंप असे शब्द आले. अंग तेच होतं, माणसंही तीच.

मागच्या वर्षी सुमीला टायफॉइड झाला. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "बारीक झालीस, आता कशी छान दिसतीस!" मावशी मात्र घाबरली. तिने देवीला बोलून टाकलं, पोर उठू दे, तिच्या भारोभार गूळ वाटीन. सुमी उठली, जेवू लागली, पहिल्यासारखी झाली. आज तो नवस फेडायचा होता.

कोल्हारला पोचले तशी मावशीने भाकरी आणि भरीत वाढलं. सुमीने तुकडाही मोडला नव्हता.

"साऱ्या गावासमोर तराजूत बसायचं, ताई."

"नको म्हण."

"आई देवीला बोललीय. आन् मी जगले, ते काय लपवायचं?"

देवळाच्या आवारात मोठा तराजू टांगला होता. सुमी एका पारड्यात मांडी घालून बसली. दुसऱ्यात ढेपा चढल्या, शेवटचीही चढली. सुमीचं पारडं जमिनीलाच टेकलेलं. मी मावशीकडे पाहिलं, तर ती पदराचं टोक पिळत होती. माझ्या लक्षात आलं, गुऱ्हाळवाल्याला सुमीचं वजन सांगताना तिने लाजून आजारपणातलं, कमी झालेलं सांगितलं होतं.

"उतर गं सुमे," शेजारची गंगूकाकू म्हणाली, "म्हैनाभर उपास कर, मग ये." हशा पिकला.

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले. "ऐका सगळे! माणसाच्या शरीराला..."

"ताई," सुमी म्हणाली, "भाषण नगं. गूळ आण. मी हितनं उठत न्हाई."

तिचे कान लाल झाले होते, पण मांडी मोडली नव्हती. मी टेम्पो थांबवून गुऱ्हाळ गाठलं. परत आले तेव्हा लोकांचं हसणं संपून कंटाळा सुरू झाला होता. मावशी पारड्याशेजारी मातीत बसून लेकीला पाणी पाजत होती.

नव्या ढेपा चढल्या. सुमीचं पारडं हललं, पण वर आलं नाही. तेव्हा गंगूकाकूच घरी जाऊन डबा घेऊन आली. "म्हैस ती म्हैसच," असं पुटपुटत तिने सगळा गूळ पारड्यात ओतला. सुमी अलगद वर उचलली गेली. दचकली आणि लहानपणी झोक्यावर हसायची तशी हसली.

पुजाऱ्याने वजन विचारलं. मावशीने या वेळी खरं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पदर पसरा, काकू," गूळ वाटताना सुमी म्हणाली. "माझ्या भाराचा हाय, पुरून उरंल."

संध्याकाळच्या एसटीत मी ऐसपैस बसले. मांडीवर कागदात बांधलेला गूळ होता. पत्रकं मी लिहीतच राहीन. पण बाळसं म्हणताना मावशीच्या आवाजात जो अभिमान असायचा, तो आज इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकला होता आणि तो कुठल्या पत्रकात कसा मांडायचा, ते मला सुचत नव्हतं.

शेजारच्या बाईंना मी एक खडा दिला.

"कशाचा गं?"

"बहिणीची तुला होती."

"व्हय? किती भरली?"

मी सुमीचं वजन सांगितलं. मग त्यांनी न विचारता माझंही.